जुन्या छायाचित्रांचा जीर्णोद्धार

जीर्णोद्धार हे आपल्या समाजाने फार पूर्वीपासून पुण्यकर्म मानले आहे. नवे देऊळ उभारणाऱ्यापेक्षा पडक्या देवळाची भिंत सावरून धरणाऱ्याची थोरवी अधिक, असे मानणारी माणसे अजूनही गावोगावी भेटतात. परंतु सावरणे कोठे संपते आणि नवे रचणे कोठे सुरू होते, हे ठरविणे दिसते तितके सोपे नाही. आजवर हा प्रश्न देवळांच्या विश्वस्तांपुढे आणि पोथ्यांच्या संपादकांपुढे येत असे. अलीकडे तो सामान्य गृहस्थाच्या दारी येऊन उभा राहिला आहे. आणि त्याला कारण झाले आहे ते भिंतीवर टांगलेले आजी-आजोबांचे छायाचित्र.

छायाचित्र जुने झाले की त्याची कळा जाते. काळी छटा तपकिरी होते, कडा झिजतात, पावसाळ्यातील ओल कागदाला काचेशी चिकटवून टाकते आणि कसर आपला वाटा घेऊन जाते. पूर्वी असे चित्र स्टुडिओत नेऊन द्यावे लागे. तेथील कारागीर त्या चित्राचेच पुन्हा चित्र घेई, नव्या निगेटिव्हवरील दोष टोकदार पेन्सिलीने बुजवी आणि छापलेल्या प्रतीवर बारीक कुंचल्याने शेवटचा हात फिरवी. आता हेच काम घरबसल्या आणि विनामूल्य होते. ‘गिंप’ नावाचे चित्रसंस्काराचे सॉफ्टवेअर 1996 पासून कोणासही फुकट मिळते. त्याला जोडावयाची लहान साधने, ज्यांना प्लगइन म्हणतात, तीही फुकटच असतात. फ्रान्समधील काँ नगरातील संशोधकांनी 2008 साली ‘जी-मिक’ हे साधन लोकांस दिले. त्यात चित्र सुधारण्याच्या शेकडो युक्त्या एकत्र आहेत. ज्या कुटुंबास स्टुडिओचा खर्च कधीच झेपला नसता, त्यासही आपल्या पूर्वजांचे मुख उजळून घेता यावे, ही गोष्ट आम्हांस निःसंशय स्वागतार्ह वाटते. तथापि जे फुकट मिळते ते विचारपूर्वक वापरले जातेच असे नाही. म्हणून या साधनांच्या करणीतील भेद प्रथम समजून घेतला पाहिजे.

या करणीच्या तीन पायऱ्या आम्हांस दिसतात. पहिलीत केवळ कळा परत आणावयाची असते. फिक्या आणि गडद छटांतील अंतर वाढविले की विरलेले रूप वर येते. येथे जे कागदावर होते तेच स्पष्ट होते. बाहेरचे काही आत येत नाही. दुसऱ्या पायरीत भोक बुजवावयाचे असते. पॉल हॅरिसन या ऑस्ट्रेलियातील संशोधकाने केलेले ‘रीसिंथेसायझर’ नावाचे प्लगइन फाटलेल्या जागेच्या आसपासचा पोत पाहते आणि त्यातीलच तुकडे जुळवून ती जागा भरते. मागची भिंत किंवा अंगणातील माती अशा रीतीने भरली गेली तर कोणाचे काही बिघडत नाही. परंतु तेच भोक ओठांवर पडले असेल तर? शेजारच्या गालाचा पोत ओठ कसा होता हे सांगू शकत नाही. तेव्हा तिसरी पायरी येते. तेथे यंत्र नवा चेहराच घडविते. 2021 साली प्रसिद्ध झालेले ‘जीएफपी-गॅन’ हे याच जातीचे साधन. आंतरजालावरून गोळा केलेल्या 70,000 चेहऱ्यांच्या अभ्यासावर ते शिकविलेले आहे, आणि अस्पष्ट मुखाच्या जागी त्या अभ्यासातून संभवनीय वाटणारे रेखीव मुख ते बसविते.

पहिली पायरी निर्दोष आणि तिसरी सदोष, असा सरळ निवाडा देऊन मोकळे होता आले असते, तर हा लेख लिहिण्याचे प्रयोजन नव्हते. वस्तुतः साध्या सफाईतही धोका आहे. डाग घालविणारे साधन प्रत्येक बिंदूची शेजारच्या बिंदूंशी तुलना करते आणि जो त्यांच्याहून फार निराळा दिसेल त्यास त्यांच्यासारखा करून टाकते. आता नांदेड-लातूरकडील मागच्या पिढीतील एखाद्या वृद्धेचे चित्र डोळ्यांपुढे आणावे. तिच्या कपाळावर आणि हनुवटीवर गोंदण आहे. यंत्राच्या लेखी ते गोंदण आणि कागदावर पडलेला माशीचा डाग यांत काहीच भेद नाही. एखाद्याच्या गालावर देवीचे वण आहेत. 1977 साली आपला देश देवीच्या रोगातून मुक्त ठरला, त्यापूर्वीच्या पिढ्यांत असे चेहरे ठायी ठायी दिसत. यंत्र ते वणही पुसून टाकील. दोष कागदाचा कोणता आणि खूण माणसाची कोणती, हे ज्याने त्या माणसास पाहिले तोच सांगू शकतो. यास्तव खरा प्रश्न साधनाचा नसून, ते चालविणाऱ्याने कोणास विचारले आणि काय विचारले, याचा आहे.

हा प्रश्न सर्वांत तीव्रपणे जेथे जाणवतो, ते स्थळ लातूर जिल्ह्यातच आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणेशविसर्जनाच्या दुसऱ्याच दिवशी, किल्लारी आणि आसपासच्या गावांत भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंतींची आणि जड माळवदांची घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. सुमारे 10,000 माणसे दगावली. पुढे 52 गावांचे नव्या जागी पुनर्वसन झाले. घर पडले म्हणजे घरातील पेटी गेली, आणि पेटी गेली म्हणजे तिच्यातील दोन-चार छायाचित्रेही गेली. त्या वेळी चार-पाच वर्षांची असलेली मुले आज स्वतः आईबाप झाली आहेत. अशा एखाद्याजवळ आईचे म्हणून एकच चित्र असावे. तेही परगावच्या नातलगाकडे सापडलेले, कोणाच्या तरी लग्नातील घोळक्याचे, त्यात मागच्या रांगेत हरभऱ्याएवढा चेहरा. तो मोठा केला तर करड्या ठिपक्यांवाचून काही उरत नाही. यंत्रापुढे ठेवला तर क्षणार्धात एक प्रसन्न, तेजस्वी डोळ्यांची स्त्री प्रकट होते. पापणीचा केस न् केस मोजता येतो. परंतु त्या पापण्या त्या माउलीच्या नव्हेत. तिला ज्यांनी स्वप्नातही पाहिले नाही अशा हजारो परक्या मुखांवरून त्या उसन्या आणलेल्या आहेत.

मग त्या मुलास हे समाधान नाकारावे काय? असे म्हणण्याचा अधिकार आम्हांस नाही, कोणासच नाही. पितृपंधरवड्यात हार घालावयास एखादे मुख असावे, ही इच्छा मनुष्यमात्राची आहे. कोणी असेही म्हणेल की, आपल्या देवघरात पूर्वजांचे टाक असतात. चांदीच्या पत्र्यावर उठविलेली ती आकृती कोणत्या आजोबांसारखी दिसते? ज्ञानेश्वर-तुकारामांची जी चित्रे आपण पूजितो, ती तरी समोर बसवून कोणी काढली होती? हा आक्षेप वजनदार आहे, आणि त्याचे उत्तरही त्यातच आहे. टाक पाहून कोणीही ‘आजोबांचे नाक असे होते’ असे म्हणत नाही. टाकाची जात सर्वांस ठाऊक असते. तो श्रद्धेचा विषय आहे, साक्षीचा नव्हे. छायाचित्राचे तसे नाही. त्या माणसाच्या अंगावरून निघालेला प्रकाशच कागदावर उमटला, म्हणून आपण त्यास साक्षीदार मानतो. यंत्राने घडविलेले मुख जातीने टाक आहे, पण वेष मात्र छायाचित्राचा आहे. दोष कल्पनेत नाही, तो या वेषांतरात आहे.

आणि या वेषांतराचा परिणाम कागदापुरता राहत नाही. चार वर्षांच्या मुलाच्या मनात आईची जी पुसट आठवण असते, ती फार दुबळी असते. तिच्यासमोर रोज एक स्पष्ट, झळझळीत चित्र ठेवले म्हणजे ती हळूहळू माघार घेते आणि चित्र तिची जागा घेते. पुढे त्या माणसास आई आठवते ती यंत्राने दिलेली. जे थोडे खरे त्याच्यापाशी उरले होते, तेही या भेटीने हिरावून नेले. एवढी किंमत देण्यास तो कदाचित राजी असेल. परंतु किंमत काय आहे हे त्यास आधी सांगणे, एवढे तरी चित्र सुधारून देणाऱ्याचे कर्तव्य ठरते.

या बाबतीत मार्ग दाखविणारी उदाहरणे आपल्या घरातच आहेत. मराठवाड्यातीलच पैठण येथे एकनाथ महाराजांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. अपपाठ त्यांनी काढले, पण या ग्रंथात कोणी आपली ओवी घालू नये, असा स्पष्ट इशाराही देऊन ठेवला. ज्याची काव्यशक्ती भागवतासारखा ग्रंथ उभा करू शकत होती, त्याने येथे आपली लेखणी आवरली, हे लक्षात घेण्यासारखे आहे. जुने कागद छापणारे आपले इतिहाससंशोधक जेथे कागद फाटला असेल तेथे टिंबे देतात. तर्काने सुचलेला शब्द घातलाच, तर तो कंसात घालतात. 1964 साली व्हेनिस येथे संमत झालेल्या स्मारकांच्या सनदेनेही हेच तत्त्व सांगितले: गळालेल्या भागाच्या जागी नवा भाग बसवावा तो मूळ रूपाशी सुसंगत असावा, पण मुळापासून वेगळा ओळखू यावा. रोम येथील चित्रसंरक्षकांनी भित्तिचित्रांतील गळालेला रंग बारीक उभ्या रेषांनी भरण्याची पद्धत रूढ केली. दुरून चित्र अखंड दिसते, जवळ जाताच भरलेली जागा कळते. नांदेड जिल्ह्यात कंधार येथे क्षेत्रपालाच्या प्रचंड मूर्तीचे काही तुटके अवयव तेवढे उरले आहेत. उरलेली मूर्ती कोणी कल्पनेने पुरी केली नाही, म्हणूनच तिच्या भव्यतेचा अंदाज ते अवयव अजून देऊ शकतात.

घरातील चित्रापेक्षा सार्वजनिक चित्रांस हा नियम अधिकच कडकपणे लागू व्हावा. नांदेड-लातूरचा प्रदेश 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्या लढ्यातील सत्याग्रहींची जी थोडी कृष्णधवल छायाचित्रे राहिली आहेत, त्यांना विनामूल्य साधनांनी रंग चढविता येतो. पण टोपीचा, लुगड्याचा, झेंड्याचा रंग यंत्र अनुमानानेच देणार; आणि पुढच्या पिढीतील विद्यार्थी तो रंग पुरावा म्हणून वाचणार.

तेव्हा ज्यांच्या हाती ही साधने आली आहेत त्यांस आमची विनंती एवढीच आहे. मूळ चित्र, ते कितीही फाटके असो, कधी टाकू नये. काम नेहमी त्याच्या प्रतीवर करावे. हात लावण्यापूर्वी त्या माणसास पाहिलेली कोणी वृद्ध व्यक्ती हयात असेल, तर तिच्यापाशी चित्र घेऊन बसावे आणि गोंदण कोठे होते, वण कोणत्या गालावर होता, हे विचारून घ्यावे. या विचारण्यातच पुष्कळदा चित्राहून मोलाचे काही हाती लागते. आणि सुधारलेल्या प्रतीच्या मागील बाजूस त्या माणसाचे नाव, गाव, आणि चेहऱ्याचा किती भाग मुळातला व किती यंत्राने भरलेला, हे शाईने लिहून ठेवावे. ‘डोळे अनुमानाने’ एवढे दोन शब्द लिहिण्यास काही खर्च येत नाही. आजीला कधीही न पाहिलेला नातू पन्नास वर्षांनी ती चौकट उतरवील, तेव्हा तिच्याविषयी काय माहीत आहे आणि काय नाही, हे त्यास त्या दोन शब्दांवरून कळेल.