शरण आलेल्याला परत पाठवावं का?

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

दत्तजयंतीला आपण पाळणा हलवतो. शरण आलेल्याला महाराज दूर लोटत नाहीत, असं म्हणतो. मग मार खाऊन माहेरी आलेल्या लेकीला "नांदतं घर सोडू नये" म्हणून परत का पाठवतो? इथं हट्ट्यात मीही तेच केलं. हातावरचे वळ दिसत होते, पण लोक काय म्हणतील याला भ्यालो. ते ओझं अजून उतरलं नाही.

घर मोडू नये, हे खरंच. पण घर मोडतो मारणारा हात. बाहेर पडणारी लेक नव्हे.

२००५ च्या कायद्याने तिला सासरच्या घरात राहण्याचा हक्क दिलाय. १८१ वर फोन करता येतो; सखी केंद्रात तात्पुरता निवारा, समुपदेशन मिळतं. पण मंडळी, पहिला आसरा आपला उंबरठाच. तिथं आधी तिचं ऐकून घ्यावं. हीच सेवा.