मागचे पान

वर्तमानपत्र मी मागच्या पानापासून वाचतो. सवय चांगली नव्हे, हे मला ठाऊक आहे. पण कोल्हापुरात ती जडायला फारसे कष्ट पडत नाहीत. तालमींच्या नावाने जिथे फुटबॉलचे संघ उभे राहिले, पाटाकडील आणि खंडोबा, दिलबहार आणि बालगोपाल ही नावे उच्चारताच जिथे चहाच्या गाड्यावर दोन तट पडतात, तिथे माणूस पहिल्या पानाकडे उशिराच वळायचा. विश्वचषक आला म्हणजे तर वळतच नाही. 2022 च्या नोव्हेंबरात तो कतारला सुरू झाला, तेव्हा आमच्या पेठेत निळ्या-पांढऱ्या आणि पिवळ्या पताका समोरासमोर लागल्या. नकाशावर ब्राझील चटकन दाखवता न येणारी पोरे त्या ब्राझीलपायी शेजारच्या पोरांशी बोलेनाशी झाली.

त्या वर्षी पहिले पान मात्र वाचायला हवे होते. जूनमध्ये आमदार आधी सुरतेला आणि तिथून गुवाहाटीला गेले. 29 तारखेला मुख्यमंत्र्यांनी राजीनामा दिला आणि दुसऱ्या दिवशी राज्याला नवे मुख्यमंत्री मिळाले. पुढे पन्नास खोक्यांची घोषणा विधानभवनाच्या पायऱ्यांवरून निघाली ती आमच्या शाळेच्या पटांगणापर्यंत येऊन पोचली. खोक्यात काय असते, असे पाचवीतली मुले मला विचारू लागली. खरेखोटे देव जाणे! पण आम्हा शिक्षकांच्या जिव्हारी लागलेले प्रकरण निराळेच होते. पात्रता परीक्षेत पैसे घेऊन उमेदवारांना उत्तीर्ण केल्याच्या आरोपावरून परीक्षा परिषदेच्या तत्कालीन आयुक्तांना डिसेंबर 2021 मध्ये पुणे पोलिसांनी अटक केली होती. ऑगस्ट 2022 मध्ये साडेसात हजारांहून अधिक उमेदवारांची यादी निघाली. मंत्र्याने खाल्ले तर आपण हळहळतो आणि चहा मागवतो. इथे घर आमचेच होते.

शेजारचे एक वृद्ध गृहस्थ मला एकदा म्हणाले, "गुरुजी, राज्याचा बाजार मांडलाय, आणि तुम्ही रात्री अडीच-अडीचपर्यंत चेंडू बघत बसता?"

मी म्हणालो, "अण्णा, तिथं नियम सगळ्यांना एकच असतो. शिट्टी वाजली की थोरामोठ्यालाही थांबावं लागतं. ते बघायला बरं वाटतं."

उत्तर बरे जमले होते. वर्गात खपले असते. घरी येऊन अंथरुणावर पडल्यावर ते मलाच पटेना. 1986 साली मेक्सिकोत मॅराडोनाने इंग्लंडविरुद्ध हाताने गोल केला, पंचाने तो दिला, आणि त्या हाताचे आमच्या पेठेत आजही कौतुक होते. कतारची मैदाने बांधायला आपल्याकडून आणि नेपाळातून मजूर गेले होते. त्यांच्या हालांच्या बातम्याही त्याच वर्तमानपत्रात होत्या, फक्त मागच्या पानावर नव्हत्या. खेळ स्वच्छ आहे म्हणून मी पाहतो, हे खरे नव्हते.

आणि अर्जेंटिनाचे नाव घेताना मला 1978 आठवल्यावाचून राहत नाही. 25 जूनला ब्युनोस आयर्सच्या मैदानावर त्यांनी हॉलंडला 3-1 हरवून पहिला विश्वचषक जिंकला. देशावर तेव्हा लष्कराचा अंमल होता. मैदानापासून जवळच नौदलाची एक शाळा होती आणि तिच्यात सरकारने पळवून आणलेली माणसे डांबलेली होती. प्रेक्षकांचा आरडाओरडा त्यांना कोठडीत ऐकू येई. त्या रात्री पहारेकऱ्यांनी काही कैद्यांना मोटारीत घालून शहरातला जल्लोष दाखवायला नेले. त्यांतल्या एका बाईने पुढे सांगितले आहे, की ती टपाच्या झरोक्यातून डोके बाहेर काढून गर्दी पाहत होती. आपण बेपत्ता केलेल्यांपैकी आहोत असे ओरडून सांगितले तरी इथे कुणाचे लक्ष जाणार नाही, हे तिला कळून चुकले आणि ती रडू लागली.

नाचणाऱ्यांना दोष द्यावा काय? बऱ्याच जणांना खरोखरच माहीत नसेल. काहींना माहीत असेल. गल्लीतले कुणी नाहीसे झाले की गल्लीला कळतेच. त्यांनीही त्या रात्री नाचू नये, असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही. आनंद करायचा तर आधी सगळा अन्याय मिटवा, अशी अट घातली तर जन्मात एकही दिवाळी व्हायची नाही. पण ती बाई डोके बाहेर काढून उभी राहतेच. मी किती वेळा हा विचार बाजूला सारला, तरी मोटार पुन्हा वळून येते.

18 डिसेंबरला रविवार होता. सात हजारांहून अधिक ग्रामपंचायतींचे मतदान त्याच दिवशी होते आणि मी करवीर तालुक्यातल्या एका गावी निवडणुकीच्या कामावर. दिवसभर लोकांच्या बोटांना शाई लावायची आणि मनात मेस्सीचा हिशेब चालवायचा. यंत्रे जमा करून धापा टाकत पेठेत पोचलो, तोवर अंतिम सामना सुरू झाला होता. मंडळाने मोठा पडदा लावला होता. शाळेतला एक तरुण सहकारी जागा धरून बसला होता. वर्गात हा मुलगा फार चांगला शिकवतो. ऑगस्टच्या त्या यादीत त्याचे नाव होते. त्याने न्यायालयात दाद मागितली होती आणि अजून कामावर होता. शाळेत सर्वांना हे माहीत होते. कुणीच त्याच्याशी बोलले नव्हते. मीही नाही.

एकविसाव्या मिनिटाला दि मारिया पडला आणि पंचाने पेनल्टी दिली. पेठ उसळली. माझ्याशेजारी हा एकटा खाली बसून राहिला. गळ्यात निळा-पांढरा पट्टा होता. म्हणाला, "सर, ही पेनल्टी नव्हती."

"गप बस की मर्दा!" मागून कुणीतरी ओरडले. मीही हसलो. मेस्सीने गोल केला. पुढे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे: एम्बापेने तीन गोल केले, 3-3 झाले, आणि पेनल्टीवर अर्जेंटिना 4-2 जिंकली. फटाके, हलगी, गुलाल. मीही नाचलो, खोटे कशाला सांगू?

मध्यरात्रीच्या सुमारास त्याला गाडीवरून घरी सोडायला गेलो. पंचाने चूक केली असे आपल्याच बाजूविरुद्ध बोलणारा हा माणूस पैसे देऊन उत्तीर्ण झाला असेल? की यादीच चुकली? चार महिन्यांत हा प्रश्न माझ्या ओठांवर कितीदा आला होता. विचारले असते तर त्याचे उत्तर मलाही बाळगावे लागले असते, आणि मग शाळेत मी काय केले, हा पुढचा प्रश्न मला कुणीतरी विचारला असता. गुवाहाटीवर मात्र मी शिक्षकांच्या खोलीत तासन् तास बोललो होतो.

त्याच्या गल्लीच्या तोंडाशी तो उतरला. पट्टा काढून त्याने घडी घातली आणि तसाच उभा राहिला.

"सर, काही विचारायचं होतं का?"

दूर कुठेतरी माळ लागली. ती संपेपर्यंत आम्ही दोघे थांबलो.

"उद्या पहिला तास कुणाचा?" मी विचारले.

"माझाच," तो म्हणाला.