चहाची वेळ कोण ठरवतं?

बौद्धिक दिव्यांग मुलांच्या पालकसभेत विषय कुठूनही सुरू होवो, येऊन थांबतो एकाच प्रश्नावर : आमच्यामागे याचं कोण? प्रश्न झोप उडवणारा आहे यात वादच नाही. पण त्याच्या धाकापोटी आपण निवासी संस्थेकडून फार थोडं मागतो. स्वच्छ खोली, दोन वेळचं गरम जेवण, उंच कुंपण, गेटवर वॉचमन. एवढं दिसलं की पालक सुटकेचा श्वास टाकतात आणि अनामत रकमेचा चेक लिहितात. जेवण सोडलं तर ही यादी एखाद्या चांगल्या गोदामालाही लागू पडेल.

इमारत आणि पैसा यांनी दर्जा येत असता तर ब्रिस्टलजवळचं विंटरबर्न व्ह्यू आदर्श ठरलं असतं. बौद्धिक दिव्यांगांच्या या खाजगी रुग्णालयात एका माणसामागे आठवड्याला सरासरी ३,५०० पौंड आकारले जात. तपासणीची सरकारी यंत्रणाही होती. मे २०११ मध्ये बीबीसीच्या ‘पॅनोरमा’ने छुप्या कॅमेऱ्यातून तिथली मारहाण आणि विटंबना दाखवली, तेव्हा ब्रिटन हादरलं. ११ कर्मचारी दोषी ठरले, त्यांतले ६ तुरुंगात गेले. तिथल्याच एका नर्सने आधी तक्रार केली होती. ती वरिष्ठांनी आणि तपासणी यंत्रणेनेही मनावर घेतली नव्हती.

लांब जायला नको. १९९४ च्या फेब्रुवारीत शिरूरच्या शासकीय वसतिगृहातल्या मतिमंद (तेव्हाचा शब्द) मुलींची गर्भाशयं पुण्याच्या ससून रुग्णालयात काढली गेली. कारण दिलं गेलं ते असं, की या मुलींना पाळीच्या वेळी स्वच्छता राखता येत नाही. स्त्री संघटना रस्त्यावर उतरल्या, पण बऱ्याच सुशिक्षितांना तो युक्तिवाद पटलाही. माझ्या मते इथे उणीव होती सांभाळणाऱ्या हातांची, आणि शस्त्रक्रिया झाली मुलींवर. यात कुणी हातात काठी घेतली नव्हती. सगळं ‘त्यांच्या भल्यासाठी’च चाललं होतं, म्हणून ते अधिक धास्तावणारं.

मग दर्जा ओळखायचा कशावरून? स्वीडनच्या बेंग्ट निर्ये यांनी १९६९ मध्ये मांडलेली कल्पना वरवर अगदी साधी वाटते : इतरांच्या दिवसाला, आठवड्याला, वर्षाला जी लय असते तीच बौद्धिक दिव्यांगांनाही मिळावी. पुढे इंग्लंडमध्ये जिम मॅन्सेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की मोठी संस्था मोडून छोटी घरं केली तरी काम भागत नाही. छोट्या घरातही माणूस दिवसभर खुर्चीत बसून राहू शकतो. फरक पडतो तो सोबतचा कर्मचारी काय करतो याने.

हा फरक स्वयंपाकघरात बघावा. बऱ्याच ठिकाणी चारच्या ठोक्याला दूध-साखर घातलेला चहा स्टीलच्या पेल्यांतून येतो. बिनसाखरेचा कुणाला हवा, कुणाला आज नकोच आहे, हे विचारण्याची पद्धत नाही. याउलट अशा एका निवासी घरात मी पाहिलं, पंचेचाळिशीचे एक गृहस्थ पोळ्यांना तूप लावत होते. सांभाळणाऱ्या मावशी डबा पुढे धरायच्या, चमचा त्यांच्या हातात द्यायच्या आणि थांबायच्या. चौथ्या पोळीला तूप ताटाबाहेर गेलं. मावशींनी फडकंही त्यांच्याच हातात दिलं. मावशींनी स्वतः केलं असतं तर दोन मिनिटांचं काम, इथे पंधरा लागली. ही पंधरा मिनिटं संस्थेच्या अंदाजपत्रकात कुठे दिसत नाहीत. तपासणीला येणारा अधिकारी अग्निशामक नळकांडी मोजतो, हजेरीपट चाळतो. थांबण्याचं रजिस्टर नसतं. आणि एका मावशीवर रात्री अख्खी खोली सोपवून, तुटपुंज्या पगारात तिला दर वर्षी नोकरी बदलायला लावून, थांबण्याची अपेक्षा तरी कोणत्या तोंडाने करायची?

कायद्यांची वानवा नाही. १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली पालकत्व देणारी समिती आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने समाजात राहण्याचा हक्कही दिला आहे. तरीही अमरावती जिल्ह्यातल्या वझ्झरला अनाथ दिव्यांग मुलांचं बालगृह चालवणाऱ्या शंकरबाबा पापळकरांना (पद्मश्री, २०२४) वर्षानुवर्षं एकच मागणी करत राहावी लागली : अनाथ दिव्यांगांना अठराव्या वर्षानंतरही बालगृहातच राहू द्या. बालगृहाचा नियम वय पाहतो. अठरा पूर्ण झालेल्या दिव्यांगाने पुढे कायमचं राहायचं कुठे, हे तो सांगत नाही.

आता पालकांना न आवडणारी गोष्ट. हीच कसोटी घरालाही लावायला हवी. चाळिशीच्या मुलाच्या शर्टाची बटणं आई लावते, कारण त्याला वेळ लागतो. तो कधी एकटा कोपऱ्यावरच्या वाण्याकडे गेलेला नसतो, कारण रस्त्यात काही झालं तर? रॉबर्ट पर्स्के या अमेरिकन लेखकाने १९७२ मध्येच लिहिलं होतं, की धोका पत्करण्यातही माणसाची प्रतिष्ठा असते. आपल्याकडे तो धोका पुढे ढकलत ढकलत आई-वडील पंच्याहत्तरीला पोचतात. मग त्यांतला एक जातो, दुसरा आजारी पडतो, आणि तेराव्याच्या आत मुलाची बॅग भरली जाते. आई, अंथरूण, खिडकी, ओळखीचा वाणी, सगळं एकाच आठवड्यात सुटतं, आणि तो गप्प झाला की संस्था नोंद करते, ‘शांत आहे, रुळला.’ त्याऐवजी आई-वडील धडधाकट असतानाच, मुलगा विशी-पंचविशीत असताना, दर वर्षी आठ-पंधरा दिवस त्याने संस्थेत राहून यावं. आल्यावर तिथलं काय आवडलं नाही हे त्याला विचारावं; बोलता येत नसेल तर पुढच्या वेळी बॅग भरताना तो काय करतो ते पाहावं, आणि तो जायला तयार नसेल तर दुसरी जागा शोधावी.