आधी बघा, मग हात लावा

‘मॅडम, काल चालत होता, आज आपोआप बंद पडला.’ हे वाक्य यापुढे माझ्या लॅबमध्ये ऐकू येता कामा नये. प्रोग्रॅम आपोआप बंद पडत नाही. कुठल्या तरी ओळीवर, मेमरीतल्या कुठल्या तरी पत्त्याला हात लावताना पडतो, आणि ती ओळ कोणती हे मशीनला पक्कं ठाऊक असतं. तुम्ही त्याला विचारत नाही, एवढंच. तिसऱ्या वर्षाला आहात तुम्ही. तरी आज अख्खं प्रॅक्टिकल मी काय बघत होते? प्रोग्रॅम पडला की कोड उघडायचा, कुठे तरी एक वाढवायचा, कुठे तरी एक कमी करायचा, पुन्हा कंपाइल करायचं आणि नशिबाची वाट बघायची. अंदाजपंचे दाहोदरसे! काय बिघडलंय हे माहीत नसताना कोडला हात लावायची हिंमत होते कशी तुमची?

आणि ते प्रिंटएफ. ‘इथे आलो’, ‘इथे आलो दोन’, ‘इथे पण आलो’. एकेकाच्या कोडमध्ये काम कमी आणि हजेरीच जास्त. प्रिंटएफला माझी हरकत नाही. न समजता वापरण्याला आहे. ‘इथे आलो दोन’ छापलं गेलं नाही, म्हणजे प्रोग्रॅम त्याआधीच पडला, असं तुम्ही छातीठोकपणे सांगता. प्रिंटएफला दिलेला मजकूर आधी बफरमध्ये साठतो. टर्मिनलवर साधारणपणे नवी ओळ आली की तो बाहेर पडतो. आउटपुट फाइलमध्ये वळवलं असेल तर बफर भरेपर्यंत आतच राहतो. मध्येच सेगमेंटेशन फॉल्ट आला, तर बफरमधलं बफरमध्येच मेलं. म्हणजे प्रोग्रॅम कितीतरी पुढे जाऊन पडलेला असतो आणि तुम्ही अलीकडचा निर्दोष कोड खरवडत बसता. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

आज मागच्या बाकावर जे झालं ते सगळ्यांनी नीट ऐका; नाव घेत नाही. विद्यार्थ्यांच्या यादीचा प्रोग्रॅम होता. स्ट्रक्चरमध्ये नावासाठी २० कॅरेक्टरचा ॲरे, त्याला लागून गुणांचा इंट. सगळ्यांचे गुण बरोबर, एका मुलीचे मात्र ८७ चे शून्य. यावर इलाज काय केला? गुण शून्य दिसले तर फाइलमधून पुन्हा वाचायचे, अशी एक इफ टाकली आणि ‘झालं मॅडम’ म्हणून मला दाखवायला आणली. चोराला हात न लावता चोरीला गेलेला माल भरून द्यायचा! उद्या यादीत २२ अक्षरांचं नाव आलं की गुण शून्य नाही, हजारांत दिसतील. तिथे ही इफ काय करणार?

त्याच मशीनवर बसून मी काय केलं ते सांगते. हायफन-जी देऊन पुन्हा कंपाइल केलं, म्हणजे मशीनच्या सूचनांना तुमच्या ओळी आणि व्हेरिएबलची नावं जोडली गेली. जीडीबी या डीबगरमध्ये उघडलं. गुण वाचून झाल्यानंतरच्या ओळीवर ब्रेक लावला, तोही अट घालून, फक्त त्या मुलीच्या इंडेक्सला थांबेल असा. रन. प्रिंट करून बघितलं, ८७. म्हणजे वाचण्यात खोट नव्हती. मग त्याच गुणांवर वॉच लावला आणि कंटिन्यू दिलं. जीडीबी स्वतः थांबला: जुनी किंमत ८७, नवी किंमत ०. बॅकट्रेस मागितला. वर स्ट्रकॉपी, त्याच्या खाली नाव भरणारं तुमचंच फंक्शन, ओळीच्या नंबरासकट. मुलीचं नाव आडनाव धरून बरोबर २० अक्षरांचं निघालं. ॲरे काठोकाठ भरला, आणि स्ट्रिंग संपल्याची खूण म्हणून येणारा शून्याचा बाइट एकविसावा, म्हणजे थेट गुणांच्या पहिल्या बाइटवर जाऊन पडला. आपल्या मशीनवर इंटचा सर्वांत कमी किमतीचा बाइट आधी असतो आणि ८७ त्या एका बाइटातच मावतात. पुसले गेले. त्या फंक्शनमध्ये गुणांचं नाव घेणारी एकही ओळ नव्हती. प्रिंटएफ पेरून ही चूक कितीशी लवकर सापडली असती, ते तुम्हीच सांगा.

हा वॉच म्हणजे जादू नाही. तुमच्या लॅपटॉपमधल्या एक्स८६ प्रोसेसरमध्ये पत्त्यांवर नजर ठेवायला ४ रजिस्टरं मुद्दाम ठेवलेली आहेत. त्या पत्त्यावर कोणी लिहिलं की प्रोसेसरच प्रोग्रॅम थांबवतो. सिलिकॉनमध्ये सोय करून दिली आहे तुमच्यासाठी आणि तुम्हाला तिची खबर नाही, याचा मला खरा राग येतो.

‘काळी स्क्रीन जुनी वाटते, मॅडम.’ जुनी आहेच. रिचर्ड स्टॉलमनने १९८६ मध्ये ग्नू प्रकल्पासाठी जीडीबी लिहिला. व्हीएस कोडमध्ये सी प्रोग्रॅम डीबग करायला तुम्ही जे हिरवं बटण दाबता, त्याच्या मागे लिनक्सवर बहुधा हाच राबत असतो. बटण वापरा, मी अडवत नाही. पण नोकरीत एसएसएचने कुठल्या तरी सर्व्हरवर जाल, तिथे बटण नसेल. प्रोग्रॅम गोठलेला असेल आणि ग्राहक फोनवर. तेव्हा घाबरून रीस्टार्ट केलात की पुरावा गेला. चालू प्रोसेसला पीआयडी देऊन जीडीबी जोडा, ‘थ्रेड अप्लाय ऑल बीटी’ टाइप करा. एका थ्रेडने पहिलं लॉक धरून दुसऱ्याची वाट बघायची आणि दुसऱ्याने उलट, हे समोर लिहून येतं. उतारा घ्या, डिटॅच व्हा, मग खुशाल रीस्टार्ट करा.

पडलेल्या प्रोग्रॅमचंही तेच. कोअर फाइल म्हणजे तो पडला त्या क्षणाची मेमरी. ती तयारच होत नसेल तर यूलिमिट तपासा. पुष्कळ मशीनवर ती मर्यादा शून्य असते. प्रिंट केल्यावर ‘ऑप्टिमाइज्ड आउट’ दिसलं म्हणून जीडीबीला दोष देऊ नका. ओ-टू लावलंत, कंपायलरने व्हेरिएबलच काढून टाकला, तर तो दाखवणार कुठून? शिकताना ओ-झिरो लावा.

आणि एरर चॅटबॉटमध्ये चिकटवून मिळेल तो कोड आणणाऱ्यांनो, त्या बॉटने तुमच्या प्रोसेसची मेमरी बघितलेली नाही. ती बघायची सोय फक्त तुमच्याकडे आहे. बघून विचारलंत तर त्याचं उत्तरही कामाचं येईल.

उद्यापासून कोणी ‘चालत नाही’ म्हणून माझ्या टेबलाशी यायचं नाही. येताना बॅकट्रेस आणायचा. प्रोग्रॅम कुठल्या ओळीवर थांबला, तिथे कुठल्या व्हेरिएबलमध्ये काय होतं आणि काय असायला हवं होतं, हे वहीत लिहून आणायचं. तेवढं आणलंत तर कॉलेज सुटल्यावरही मी तुमच्याशेजारी बसेन. आणि ती इफ टाकणाऱ्याने ती काढायची, ॲरेची लांबी तपासून कॉपी करायची, आणि १९, २० आणि २१ अक्षरांची तीन नावं घालून मला चालवून दाखवायचं. जर्नलवर सही त्यानंतर.