बोटांच्या टोकापर्यंत

हरलेल्या मुलांना गीता सांगावी का? परळच्या एका कॉलेजात मी तत्त्वज्ञान शिकवलं आणि जिमखान्याची जबाबदारी असल्यामुळे मुलांच्या बास्केटबॉल संघाबरोबर हिंडलो. तेव्हापासून हा प्रश्न माझ्या मनात आहे. माझ्या काळात आंतरमहाविद्यालयीन सामन्यांच्या पहिल्या फेऱ्या बाद पद्धतीच्या असत. कॉलेज उघडलं की पोरं भल्या सकाळी यायची, पावसाने भिजलेलं कोर्ट गोणपाटाने पुसायची आणि ले-अप घोटायची. सामना दहा-दहा मिनिटांच्या चार क्वार्टरचा. तो हरला की मोसम संपला.

असाच एक सामना शेवटच्या सेकंदांत आला. आम्ही एका गुणाने मागे होतो आणि लालबागच्या चाळीतल्या आमच्या एका मुलाला दोन फ्री थ्रो मिळाले. फ्री थ्रोला समोर कुणी अडवायला नसतं. खेळाडू असतो आणि 3.05 मीटर उंचीवरची रिंग असते. त्याचा पहिला चेंडू आत गेला. दुसरा रिंगवर फिरला आणि बाहेर पडला. जादा वेळेत आम्ही हरलो. नंतर कुणीतरी आपुलकीनेच त्याला म्हणालं, ‘आपण कर्म करावं, फळाची आशा धरू नये.’ मुलगा माझ्याकडे वळला. ‘सर, आशाच नव्हती तर मी इतके महिने सकाळी उठून आलो कशाला?’

त्याचं म्हणणं मला पटलं, आजही पटतं. फ्री थ्रो घेताना गुडघा, कोपर, मनगट सगळं त्या रिंगकडे धावत असतं. चेंडू आत जावा असं ज्याला वाटतच नाही, त्याचं मनगट सैल पडतं. म्हणजे इच्छा हा त्या कर्माचाच भाग आहे. ती वजा केली तर कर्मच अर्धवट राहतं. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि 1915 साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त टिळकांनी कर्म सोडून बसण्याचा पक्ष खोडून काढला. ज्ञान्यानेही लोकांसाठी कर्म करत राहावं, असं त्यांनी मांडलं. टिळकांनी कॉलेजातलं पहिलं वर्ष व्यायामाला वाहिलं होतं. शरीर मनापासून राबतं म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकाबाहेरही ठाऊक होतं.

मग त्याग कुठे सुरू होतो? माझ्या मते बोटांच्या टोकाशी. तिथपर्यंत सगळं माझं आहे: सराव, नेम, ओढ. चेंडू सुटला की तो हवेचा, रिंगचा, बोर्डाचा झाला. त्यापुढे त्याच्यावर मालकी सांगणं हीच आसक्ती.

या खेळाचा जनक जेम्स नेस्मिथ धर्मशास्त्र शिकलेला माणूस. व्यासपीठावरून प्रवचन देण्याऐवजी त्याने व्यायामशाळा निवडली आणि 1891 च्या डिसेंबरात स्प्रिंगफील्डच्या ख्रिस्ती प्रशिक्षण शाळेत हा खेळ रचला. पुढे कॅन्सस विद्यापीठाचा प्रशिक्षक म्हणून तो 55 सामने जिंकला आणि 60 हरला. त्या विद्यापीठाच्या बास्केटबॉल प्रशिक्षकांत विजयांपेक्षा पराभव जास्त असलेला तो एकटाच. पण त्याच्या कामाचं फळ त्या आकड्यांत मावत नाही. आपल्याच नागपाड्याच्या गल्ल्यांतून अब्बास मुंतसिर यांच्यासारखा भारताचा कर्णधार आणि अर्जुन पुरस्काराचा मानकरी घडला. स्प्रिंगफील्डमध्ये सज्जाच्या कठड्याला टोपल्या अडकवताना नेस्मिथने नागपाड्यावर नेम धरलेला नव्हता.

तरीही फळावरची मालकी सोडण्याचं हे तत्त्व गिरण्यांच्या लालबाग-परळमध्ये जपून उच्चारावं लागतं. माझे वडील गिरणीत साचेखात्यात होते. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर मागे घेतल्याचं कधीच जाहीर झालं नाही. गिरण्यांची दारं मात्र हजारोंसाठी पुन्हा उघडली नाहीत. त्या दिवसांत वडिलांना फळाची आशा सोडण्याचा उपदेश पुष्कळांनी केला. वडील माळकरी होते, वारी चुकवत नसत. पण हा उपदेश त्यांनी कधी मानला नाही. ते म्हणायचे, ‘मजुरी हे फळ नाही, देणं आहे. देणं मागायला देव अडवत नाही.’

मुलाच्या प्रश्नाचं उत्तर मला वडिलांच्या या बोलण्यात मिळालं. ज्याच्या हातात दुसऱ्याचं देणं आहे, त्याने त्याला निष्कामता शिकवू नये. मालकाने कामगाराला नाही, आणि संघ निवडणाऱ्याने बाकावर बसलेल्या मुलालाही नाही. निवड न्याय्य करणं, कोर्ट नीट राखणं, सरावाला वेळेवर हजर असणं हे आमचं देणं होतं. ते चुकतं करण्याआधी त्या मुलांना विरक्ती सांगणं म्हणजे गीतेच्या आड लपणं.

म्हणून हरलेल्या मुलांना त्या संध्याकाळी गीता सांगू नये. त्यांच्याबरोबर बसावं. त्यांचं दुःख खरं आहे, कारण त्यांची ओढ खरी होती. मी त्या मुलाला एवढंच सांगितलं की तुझं मनगट शेवटपर्यंत बरोबर होतं. ते तसंच होतं, म्हणून सांगितलं. चुकलं असतं तर तेही सांगितलं असतं. फळ सोडून देण्याची गोष्ट ज्याची त्याने स्वतःशी बोलायची असते, आणि ती बोलण्याचा अधिकार चेंडू आत जावा म्हणून जीव ओतणाऱ्यालाच मिळतो.