क्षमापत्राला रंग कशाला?

भूम तालुक्यातले कुंथलगिरी हे दिगंबर जैनांचे सिद्धक्षेत्र. कुलभूषण आणि देशभूषण हे मुनी इथून मोक्षाला गेले, अशी श्रद्धा आहे. मागच्या जन्मीचे वैर धरून एका देवाने या दोघांचा छळ मांडला आणि राम-लक्ष्मणांनी तो निवारला, अशी कथा जैन पद्मपुराणात येते. वैर जन्म ओलांडून पाठीशी लागते असे मानणाऱ्या परंपरेने क्षमेसाठी वर्षातला एक दिवस राखून ठेवावा, हे ओघानेच आले. दशलक्षण पर्व संपले की क्षमावाणीला माणसे ‘उत्तम क्षमा’ म्हणत एकमेकांपुढे हात जोडतात. लांबच्यांना पत्र जाते. हे पत्र मोजके रंग निवडून हाताने करावे, याला धर्माच्या दृष्टीने काही अर्थ आहे का? मला वाटते, आहे. पण तो पत्र मिळणाऱ्यापेक्षा करणाऱ्याच्या बाजूने आहे.

जैन तत्त्वज्ञानाने मनाची अवस्था रंगांतच सांगितली आहे: कृष्ण, नील, कापोत, पीत, पद्म आणि शुक्ल या सहा लेश्या. फळांनी लगडलेले झाड पाहून एकाला ते मुळासकट उपटावेसे वाटते, तर दुसरा खाली पडलेल्या फळांवर भागवतो. हा फरक लेश्येचा. क्रोध, मान, माया, लोभ या कषायांनी रंगलेली मन-वचन-कायेची प्रवृत्ती म्हणजे लेश्या. म्हणजे शुक्लाकडे जायचे तर लेप उतरवत जावे लागते. जलरंगात काम करणाऱ्याला हेच कागदावर भेटते. तिथे पांढरे रंगवत नाहीत, तेवढी जागा कोरी राखतात. पिवळ्यात काळ्याचा थेंब पडला की तो हिरवट, मळकट होतो आणि वर कितीही पिवळा ओतला तरी पहिला उजाळा येत नाही. दोन-तीनच रंगांवर भागवायचे ठरवले, की ही सावधगिरी शेवटपर्यंत सोडता येत नाही. एक थर वाळेपर्यंत थांबावे लागते, आणि तेवढा वेळ ज्याचा अपराध केला तो माणूस मनासमोरून हलत नाही.

यावर पहिला आक्षेप वैराग्याचा. 1955 मध्ये आचार्य शांतिसागरांनी याच कुंथलगिरीवर सल्लेखना घेऊन देह ठेवला. जिथे अन्नाचाही त्याग झाला तिथे रंगांचे कौतुक कशाला? पण गृहस्थाचा मार्ग अणुव्रतांचा आहे. त्याला परिग्रहाची मर्यादा सांगितली आहे, आणि मोजके रंग ही मर्यादाच आहे. श्वेतांबर संघ तर वर्षभराच्या चुकांची क्षमा मागत आचार्यांना चित्रमय विज्ञप्तिपत्रे पाठवत. 1610 मध्ये आग्र्याहून विजयसेन सूरींना गेलेले पत्र शालिवाहन या चित्रकाराने रंगवले होते. दुसरा आक्षेप असा, की भाव खरा असेल तर मोबाइलवरचा संदेशही पुरेसा आहे. तत्त्वतः हे मान्य. मात्र एकच संदेश पाचशे जणांना जातो, तेव्हा त्यात कुणाचा कोणता अपराध हे बोलायची वेळच येत नाही. तिसरा आक्षेप सर्वांत खरा: सुंदर पत्राचा अभिमान वाटला, तर तोही मान-कषायच. म्हणून पत्राची कसोटी देखणेपणाची नाही, ते कुणाला गेले याची आहे. जिवलगांना दहा पत्रे सहज होतात. बांधावरून ज्याच्याशी बोलणे तुटले, त्याच्यासाठी एक करून त्यात आपली चूक नाव घेऊन लिहिली, तरच त्या रंगांना धर्म म्हणता येईल.