जाणकारांसमोरचा जगज्जेता

प्रागच्या वात्स्लाव क्लोउदाने फ्रीस्टाइल फुटबॅग या खेळाचे जागतिक अजिंक्यपद अनेकदा जिंकले. खेळातली माणसे त्याला लाडाने वाशेक म्हणतात आणि आजवरच्या थोर खेळाडूंत त्याची गणना करतात. या खेळाशी संबंध नसलेल्या बहुतेकांनी मात्र त्याचे नाव कधी ऐकलेलेही नसते. जगात सर्वश्रेष्ठ असूनही जगाला ठाऊक नसणे, अशी ही कारकीर्द आहे. आपण तिच्याकडे सहसा कौतुक आणि कीव यांच्या मिश्रणातून पाहतो. त्यातली कीव मला मान्य नाही. कर्तृत्व आणि प्रसिद्धी यांची आपण जी गल्लत करतो, ती अशा कारकिर्दीकडे नीट पाहिले की सुटते.

खेळाचे साहित्य म्हणजे सुमारे 5 सेंटिमीटर व्यासाची, हाताने शिवलेली, वाळूने किंवा धातूच्या बारीक छऱ्यांनी भरलेली मऊ पिशवी. हात लावायचा नाही आणि ती जमिनीवर पडू द्यायची नाही, एवढाच मूळ नियम. 1972 मध्ये अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात जॉन स्टालबर्गर गुडघ्याच्या शस्त्रक्रियेतून सावरत असताना माइक मार्शलने त्याला अशी घरी बनवलेली पिशवी पायाने उडवायला शिकवले. त्यातून ‘हॅकी सॅक’ जन्मली. 1975 मध्ये, वयाच्या अवघ्या 28व्या वर्षी, मार्शल हृदयविकाराने गेला. स्टालबर्गरने काम पुढे नेले, 1979 मध्ये पेटंट मिळवले आणि 1983 मध्ये वॅम-ओ कंपनीने त्याचे हक्क विकत घेतले. अमेरिकेतल्या कॉलेजांच्या हिरवळीवर घोळक्याने खेळला जाणारा हा विरंगुळा पुढे युरोपात पोचला. तिथे चेक, फिनिश, पोलिश, जर्मन तरुणांनी त्याला वेगळीच उंची दिली. केनी शुल्ट्झसारख्या अमेरिकन खेळाडूने फ्रीस्टाइल आणि जाळीवरून खेळायची फुटबॅग या दोन्हींत विश्वविजेतेपदे मिळवली होती. क्लोउदाच्या पिढीच्या आधीच पाया एवढा भक्कम झाला होता.

या एकाच पिशवीने उत्कृष्टतेच्या दोन परस्परविरोधी कल्पना जन्माला घातल्या. पहिली सातत्याची. 14 जून 1997 रोजी इलिनॉय राज्यातल्या माउंट प्रॉस्पेक्टमध्ये टेड मार्टिनने पिशवी खाली न पाडता सलग 63,326 वेळा लाथाडली. त्याला 8 तास 50 मिनिटे 42 सेकंद लागली. तीच हालचाल, तोच झोका, तेच लक्ष; कुठे फरक पडला की संपले. दुसरी कल्पना फ्रीस्टाइलची, आणि ती नेमकी उलट्या टोकाची. तिच्या एका स्पर्धाप्रकारात खेळाडूला फक्त 30 सेकंद मिळतात. त्या अर्ध्या मिनिटात चाली किती अवघड होत्या आणि किती वेगवेगळ्या होत्या, यावर गुण ठरतात. एकच चाल घोटत राहणाऱ्याला तिथे मान नाही. मार्टिनची थोरवी स्वतःची पुनरावृत्ती करण्यात होती, फ्रीस्टाइलच्या विजेत्याची ती टाळण्यात असते.

काठिण्य मोजायची इथली रीत मला फार बुद्धिमान वाटते. प्रत्येक चालीचे घटक सुटे करून मोजतात आणि प्रत्येक घटकाला एक ‘अ‍ॅड’ देतात. पिशवी न उडवता पायावर झेलून थोपवली की एक. ती हवेत असताना पाय तिच्याभोवती फिरवून आणला की आणखी एक. झेलणारा पाय दुसऱ्या पायामागून आडवा नेला की एक, शरीराची गिरकी घेतली की एक. पायाने उडवलेल्या पिशवीभोवती तोच पाय फिरवून तिला पुन्हा त्याच चवड्यावर घ्यायचे, या चालीचे दोन अ‍ॅड होतात. ‘बटरफ्लाय’चे तीन. ‘मोबियस’मध्ये खेळाडू गिरकी घेतो, पिशवीभोवती पाय फिरवतो, पुन्हा अंग वळवतो आणि आधाराच्या पायामागून तिला झेलतो, तिचे पाच. शिवाय मान झुकवून पिशवी मानेभोवतून जाऊ देणे किंवा आधाराचा पाय जमिनीवरून उचललेला असतानाच दुसरा फिरवणे, असे अलंकार कुठल्याही चालीवर चढवता येतात. म्हणजे चालींची यादी कधी पुरी होत नाही. विजेता शिखर गाठतो आणि त्याच्याच पावलांनी शिखर आणखी वर सरकते.

अशी कारकीर्द उभी राहते ती पडलेल्या पिशवीवर. नवी चाल शिकताना पिशवी पडते, वाकून उचलावी लागते, पुन्हा पडते. उजव्या बाजूने साधलेली चाल डाव्या बाजूने जवळजवळ नव्याने शिकावी लागते, कारण एका चालीचा शेवट ही पुढच्या चालीची सुरुवात असते आणि एकाच बाजूचा खेळाडू लवकरच अडतो. गुडघे, घोटे आणि कंबर यांचा कस लागतो. या खेळासाठी खास बूट कुणी मोठ्या प्रमाणावर बनवत नव्हते, तेव्हा खेळाडूंनी आदिदासचे ‘रॉड लेव्हर’ हे टेनिसचे बूट निवडले. त्यांच्या लेस बाजूला खेचून पुढचा भाग रुंद आणि सपाट करून घेतला, म्हणजे चवड्यावर पिशवीला बसायला जागा झाली. पिशव्याही कितीतरी खेळाडू स्वतःच शिवतात. 32 किंवा त्याहून अधिक तुकड्यांची एकेक पिशवी. खेळायचे साधनही खेळाडूंनीच घडवायचे, एवढी निष्ठा इथे लागते.

मग हे सारे कुणासाठी? मुख्य अजिंक्यपद संगीताच्या साथीने सादर केलेल्या सुमारे दोन मिनिटांच्या रचनेवर ठरते. त्यात काठिण्य, वैविध्य, सफाई आणि कलात्मकता पाहतात. समोर बसलेल्यांपैकी पुष्कळजण स्वतः खेळाडू असतात. साध्या प्रेक्षकाला दोन आणि पाच अ‍ॅडच्या चालींतला फरक दिसतही नाही, इतक्या वेगाने पाय फिरतात. ज्याने ती चाल साधण्यासाठी घाम गाळला आहे त्यालाच तो दिसतो. आपल्याकडे गाण्याच्या छोट्या बैठकीत एखादी अवघड जागा घेतली गेली की पुढे बसलेल्या चार जाणकारांची मान डोलते; कसलेल्या गवयाला ती दाद भरल्या सभागृहातल्या टाळ्यांहून मोलाची वाटते. टाळी गर्दीलाही देता येते, पण पारख करायला तपश्चर्या लागते. क्लोउदाला मिळालेला मान असा पारखून दिलेला आहे, म्हणून तो उणा नाही.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे हा खेळ मुळात वर्तुळात खेळायचा. पिशवी आधी दुसऱ्याला द्यावी, पडली तर कुणी माफी मागू नये, असा या वर्तुळाचा जुना शिष्टाचार आहे. स्पर्धेच्या बाहेर प्रतिस्पर्धी त्याच वर्तुळात एकमेकांसमोर उभे राहतात आणि एकाने काढलेली चाल दुसरा पाहून शिकतो. अशा खेळात विजेत्याने जगाला काय दिले, हे चषकांच्या संख्येतून कळत नाही. काल अशक्य वाटणारी हालचाल मानवी पायांना शक्य आहे, हे तो दाखवून देतो. एकदा ते सिद्ध झाले की कुठल्यातरी गावातला मुलगा चित्रफीत पाहून ती घोटू लागतो. पुढच्या पिढीला ती सरावाचा भाग वाटते. विजेत्याचे नाव पुसट झाले तरी त्याची भर खेळात जिवंत राहते.

यावर एक रास्त आक्षेप आहे आणि तो झटकून टाकता येत नाही. खेळात पैसा नाही, ऑलिम्पिकमध्ये स्थान नाही, बहुतेकांना प्रवासाचा खर्च स्वतःच्या खिशातून करावा लागतो. ज्याला पोटापाण्याची चिंता आहे त्याने असल्या साधनेत ऐन तारुण्य कसे घालवावे? अप्रसिद्धीचे गोडवे गाणे सोपे असते, आणि साधनांअभावी कितीतरी गुणी पाय वेळेआधीच थांबत असतील हे खरे आहे. म्हणून अशा खेळांना मैदान, शिकवणारी माणसे आणि थोडा आधार मिळायला हवा, असे मला ठामपणे वाटते. पण हा आधार ‘उद्या हा खेळ लोकप्रिय होईल’ या आशेवर देऊ नये. तो आज जसा आहे तसाच आधाराला पात्र आहे.

कारण समाजाची श्रीमंती त्याच्या दोन-चार गाजलेल्या खेळांवरून मोजता येत नाही. किती माणसांना किती वेगवेगळ्या गोष्टी मनापासून, पराकोटीला नेऊन करता येतात, यावरून ती मोजावी. मुलाने एखादा अनोळखी ध्यास घेतला की घरातला पहिला प्रश्न असतो, ‘याचा उपयोग काय?’ त्याआधी आणखी एक प्रश्न विचारायला हवा: यात खोली आहे का, आयुष्यभर शिकत राहण्याइतकी? फुटबॅगच्या विजेत्यांनी एका लहानशा पिशवीत ती खोली असल्याचे दाखवून दिले आहे. ज्या ध्यासात ती सापडते, त्याला वेळ देणाऱ्या माणसाचे आयुष्य वाया गेले असे म्हणायचा अधिकार कुणालाही नाही.